कोंबड्यांचं पाणी

"चाळीस अंडी दिलती मी, चाळीस! आन् ही काय? सात पिल्लं? त्यातली दोन लंगडी!" उम्म फतूहनं टोपली भट्टीच्या दारात आदळली. "हाज्जा, तू अंडी उबवतीस का नासवतीस, ते एकदा सांगून टाक. म्हंजी मी घरीच तळून खाईन, निदान पोटात तरी जातील."

हाज्जा रतीबा उंबऱ्यावर पाय पसरून बसली होती. भट्टी तिच्या नवऱ्याची, तो गेल्यापासून तिची. तिच्यापुढं आठ-दहा बायका रिकाम्या टोपल्या घेऊन उभ्या, आणि आतून येणारा वास असा की प्रत्येकीनं ओढणीचं टोक नाकाशी दाबलेलं. नासकं अंडं फुटलं की त्याचा वास नाकातून घशात उतरतो आणि मग जेवताना पहिल्या घासाबरोबर परत वर येतो. तिथं एक फुटलेलं नव्हतं, पाटीच्या पाट्या फुटत होत्या.

माझं नाव इन्साफ. गाढवीवर दोन टोपल्या टाकायच्या, त्यांत भुसा भरायचा, आमच्या कफ्र शुबैक गावातल्या घराघरांतून अंडी गोळा करायची आणि भट्टीत आणून द्यायची, हे माझं काम. पिल्लांत माझा हिस्सा असतो. घरोघर जाते त्यामुळे कुणाची कोंबडी खुडूक झालीय आणि कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, हे मला त्या घरच्या पुरुषांच्या आधी कळतं.

तीन अंडी द्यायची आणि एकविसाव्या दिवशी दोन पिल्लं न्यायची, अशी आमच्याकडची रीत. तुझंच अंडं, तुझंच पिल्लू असं काही नसतं. साऱ्या गावाची अंडी एकत्र भट्टीत जातात, निघालेली पिल्लं सगळ्यांना वाटली जातात. तीन वर्षांपासून ती वाटणी रडतखडत चाललेली. ह्या खेपेला तर पार दिवाळं निघालं.

मी न उबलेली पाच-सहा अंडी फोडून बघितली. एकात नुसतं पिवळं पाणी. दुसऱ्यात पिल्लू तयार होतं, पण वरची चोच एकीकडं, खालची दुसरीकडं, आणि पोट मिटलेलंच नाही, आतडी बाहेर. टरफलं कांद्याच्या पापुद्र्यासारखी. उचलायला गेलं की बोट आत जाई आणि बोटाला तो हिरवट चिकटा लागे. मी हात राखेत घासला, मातीत घासला, तरी वास जाईना.

"माझ्या भट्टीला काय धाड भरलीया?" रतीबा ओरडली. "भट्टी तीच, माती तीच. हात बदललाय हात! ज्या बाईची सवताची कूस चार वर्सं बांधलेली, तिच्या हातात मी जिती अंडी देते. मीच येडी!"

तेवढ्यात अंडी मांडायच्या आतल्या खणाच्या भोकातून रतीबाची सून तफीदा कोपरांवर सरपटत बाहेर आली. केसांत राख, गालावर पिसाचा तुकडा. तिनं सगळं ऐकलं होतं. हातातली पाटी खाली ठेवली, पाटीत मेलेली पिल्लं होती, आणि ती कुणाकडंही न बघता दुसरी पाटी आणायला पुन्हा आत शिरली.

ह्या पोरीइतका चांगला हात मी भट्टीत दुसरा बघितला नाही. आमच्याकडं अंड्याची ऊब मोजायला यंत्र नसतं. अंडं उचलायचं आणि मिटलेल्या पापणीवर टेकवायचं. पापणीला जे कळतं ते बोटांना कळत नाही. जास्त तापलं असेल तर खणाचं तोंड उघडायचं, निवलं असेल तर शेणाची धग सारायची. सासऱ्यानं मरायच्या आधी ही विद्या तिला दिली, कारण त्याच्या लेकाला, शिहाताला, ती काही जमली नाही. शिहाता कारखान्यांची रिकामी पिंपं धुवायच्या धंद्याला लागला.

त्या दिवशी बायका शिव्या देत गेल्या आणि रतीबानं निकाल सांगितला. तफीदानं भट्टीत पाय ठेवायचा नाही. आणि गव्हाची कापणी झाली की शिहाताचं दुसरं लग्न, रतीबाच्या बहिणीच्या मुलीशी.

"आन् तफीदा?" मी विचारलं.

"ऱ्हाईल की. घरात काम कमी हाय व्हय? नाय पटलं तर बापाकडं जाईल." मग जरा नरमून म्हणाली, "मी बी दगड न्हाई, इन्साफ. लग्नाच्या चाळीस दिवसांत कुनीतरी कच्चं मांस घिऊन हिच्या खोलीत शिरलं आसंल, त्येनं कूस बांधली. येक उपाय ऱ्हायलाय. शुक्रवारी नमाजाच्या वक्ताला नाल्यावरनं सात येळा पार व्हायचं आनि त्याच वाहत्या पान्यानं आंघोळ करायची. तू ने तिला."

वाहतं पाणी म्हणे. आमच्या नाल्याला वाहतं म्हणायचं तर जखमेतनं वाहतं त्यालाही वाहतंच म्हणावं लागेल.

तरी नेलं मी तिला. नाही म्हणून सांगते कुणाला? शुक्रवारी दुपारी खमसीन, वाळवंटातला तापलेला वारा, सुटलेला, आभाळ पिवळं, दातांत वाळू करकरत होती. गावाच्या पश्चिमेला नाला आहे. नाल्याच्या काठाला पिंपवाल्यांचं आवार. मोठ्या रस्त्यावरच्या कारखान्यांतून रिकामी निळी पिंपं येतात. कुठल्यात फवारणीचं औषध असतं, कुठल्यात प्लास्टिक मऊ करायचं तेल. आमची माणसं ती नाल्यात लोळवतात, आत वाळू टाकून घासतात, कवटीचं चित्र असलेला कागद खरवडून काढतात आणि घरोघर विकतात. कफ्रात असं घर नाही जिथं निळं पिंप नाही. प्यायचं पाणी त्यात, लोणचं त्यात, जुनं मुरवलेलं चीज त्यात. पूर्वीचे मातीचे रांजण आता छपरावर पालथे पडलेत. पिंप फुटत नाही, पाझरत नाही, असं सगळ्याजणी कौतुकानं सांगतात. मीही सांगायची.

शुक्रवार म्हणून आवारात कुणी नव्हतं. पाण्यावर तेलाचा तवंग, निळा-जांभळा चकाकणारा. काठाला फेस साचलेला, गुडघ्याएवढा उंच, वाऱ्यानं त्याचे तुकडे उडून बरसीम घासाच्या शेतात पडत होते. वास गोडसर, नासक्या खरबुजासारखा, आणि त्याच्या मागून नव्या प्लास्टिकच्या चपलांचा.

तफीदा फळीवरून सात वेळा इकडून तिकडं गेली. मग मी डोळे मिटून तिच्या अंगावर सात डबे ओतले. डबा बुडवताना फेस हातानं बाजूला सारावा लागत होता. पाणी तिच्या अंगावरून ओघळलं, पण तेलकटपणा तसाच राहिला, कातडीवर माखल्यासारखा. तिसऱ्या दिवशी तिच्या पाठीवर गांधी उठल्या.

त्या शुक्रवारी परत येताना नाल्याच्या वळणावर जाबर भेटला. म्हातारा तिथं गळ टाकून मांगूर धरतो. मासा दगडावर चिरत होता.

"ये खाला इन्साफ, गंमत बघ." त्यानं माशाचं पोट दोन बोटांनी फाकवलं. "ह्या बाजूला गाभोळी, मादीची. आन् ह्या बाजूला ह्ये पांढरं, नराचं. येकाच पोटात! नवराबी ह्योच आन् बायकूबी हीच. वऱ्हाड बोलवायची गरज न्हाई!" तो खो खो हसला. "मागच्या साली एखादा गावायचा. आता दहात चार."

"आन् तू खातोस?"

"खातो म्हंजी? बुधवारी तुलाच न्हाई का दिला?"

मी तिथंच ओकले. बुधवारचा मासा बुधवारीच पचला होता, पण पोट ऐकेना. जाबरनं आतडी पाण्यात भिरकावली आणि बदकं त्यावर तुटून पडली.

दुसऱ्या दिवशी मी पूर्वेला गेले, इजबत सुलतानच्या वस्तीवर. नाईलचं पाणी आणणारा कालवा ओलांडून जावं लागतं. पूल म्हणजे खजुराचे दोन ओंडके. माझी गाढवी तेवढी जाते, गाडी जात नाही. म्हणून पिंपवाल्यांची गाडी तिकडं कधी गेलीच नाही. तिथं अजून मातीचे रांजण आहेत, कोंबड्या कालव्याच्या चारीवर पाणी पितात.

परतताना पुलाशी अंडी भुशात नीट बसवताना एक दुसऱ्यावर आपटलं. टक् असा आवाज झाला. मी थांबले. पुन्हा मुद्दाम आपटून बघितलं. फुटलं नाही. आमच्या बाजूचं अंडं असतं तर भुसा भिजला असता. मी ते अंडं हातात धरून पुलाच्या तोंडाशी किती वेळ उभी होते कोण जाणे. वीस वर्षं ह्या हातांतून अंडी जातायत. पूर्वेची आणि पश्चिमेची एकाच टोपलीत मीच घालत होते, मीच मिसळत होते. कुणाचं मेलं आणि कुणाचं जगलं हे माझ्यामुळंच कुणाला कळलं नाही. माझीच मला शिसारी आली.

भाकरी भाजायच्या दिवशी रतीबाच्या अंगणात चुलवणाभोवती सगळ्या बायका जमल्या होत्या. मी मुद्दाम तोच मोका धरला.

"हाज्जा, तुझी सून भट्टीत पुन्यांदा जाऊ दे. येक खेप."

"तुझं डोस्कं फिरलंय."

"ऐकून तर घे. हिचा हात वाईट म्हनतीस न्हवं? मग हिनं फिरवलेली समदी अंडी मरायला पायजेत. का हात निवडून निवडून मारतो?"

"म्हंजी काय?"

"पूर्वेच्या अंड्यांवर मी कोळशानं रेघ ओढते. नाल्याकडची कोरीच. येकाच खनात, येकाच धगीला, येकाच हाताखाली. समदी मेली तर तुझी भाची आन, मी सवता ढोल वाजवीन. पन रेघंवालीच निघाली तर दोष हिच्या हाताचा न्हाई, अंड्याचा. मग लगीन न्हाई."

उम्म फतूह पीठ मळता मळता थांबली. "बोल की हाज्जा. भ्यायलीस व्हय?"

रतीबा कुणाला भ्यायची नाही, पण बायकांपुढं माघार घेणं तिला मरणाहून वाईट. "माझ्या धन्याच्या कबरीची आन," ती म्हणाली. "रेघंवाली निघाली तर या वर्सी लगीन न्हाई. पन या वर्सीच हां. फुडचं फुडं."

तफीदा भाकरी उलटत होती. तिनं मान वर केली नाही. पण भाकरी करपली.

तीनशे अंडी पूर्वेची, तीनशे पश्चिमेची. रेघा मी माझ्या हातानं ओढल्या. रतीबानं शेजारी बसून मोजल्या, कारण तिचा माझ्यावर विश्वास नव्हता. ते बरंच झालं.

खमसीन दोन आठवडे चालला. बाहेर चुलीसारखी हवा आणि आत भट्टी. तफीदा दिवसातून पाच वेळा खणात शिरायची, एकेक अंडं फिरवायची, पापणीला लावायची. मी भोकाशी बसून तिला पाणी द्यायची. दिव्यापुढं अंडी धरून बघायचा दिवस आला तेव्हाच फरक दिसायला लागला. रेघेच्या अंड्यांत लाल शिरा कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या. कोऱ्यांत निम्म्यांत काहीच नाही, उजेड आरपार.

बाराव्या दिवशी आतून किंकाळी ऐकू आली. एक कोरं अंडं पापणीवर टेकवताच फुटलं. मी तिला पायांनी धरून बाहेर ओढलं. डोळा, नाक, ओठ, सगळीकडं ती काळपट घाण, आणि त्यात अर्धवट पिल्लाचा पाय. मी माझ्या ओढणीनं पुसत होते. ती मात्र शांत बसली होती.

"खाला," ती म्हणाली, "तुला येक सांगू? कुनाला बोलू नगंस."

"बोल."

"मी दवाखान्यात गेलते. तालुक्याच्या. तिथल्या डाक्टरीनबाईनं समदं तपासलं. माझ्यात काय दोष न्हाई म्हनली. नवऱ्याला आन म्हनली. मी शिहाताला सांगितलं तर तीन दिस बोलला न्हाई."

"बाप्या कधी तपासून घेतोय व्हय."

"त्ये न्हवं." तिनं आवाज खाली घेतला. "त्येच्या छातीला गाठी आल्यात. पोरीला वयात येताना येत्यात तशा. दुकत्यात. म्हनून तो कालव्यावर गड्यांसंगं पवायला जात न्हाई, उन्हाळ्यात बी सदरा काढत न्हाई. माझ्यापासनं बी लपवतो. येकदा आंघोळीच्या वक्ताला दिसलं, तर भिताडाकडं त्वांड करून रडला."

एवढा धिप्पाड गडी. दोन पिंपं खांद्यावर टाकून चालतो.

"बाईनं काय इचारलं ठावं हाय? घरात पानी कशात साठवता? मी म्हनलं पिंपात. कसलं पिंप? म्हनलं निळं, धुतलेलं. तर तिनं पेन खाली ठिवलं. म्हनली, आपल्या अंगात निरोपे असत्यात. वाढ म्हनून सांगनारे, थांब म्हनून सांगनारे, बाईला बाईचं काम सांगनारे आन् बाप्याला बाप्याचं. ह्या पिंपातलं औषध त्या निरोप्यांचे कपडे घालून आत शिरतं आन् खोटे निरोप देतं. अंगाला वाटतं, खरंच सांगावा आलाय. म्हनली, धुऊन जात न्हाई त्ये, पलास्टिकमंदी मुरलेलं असतंय. तुमच्याकडनं अशा लई बाया येत्यात. पोटातलं टिकत न्हाई, न्हाईतर ऱ्हातच न्हाई."

"आन् तू ह्ये घरात सांगितलंस?"

"सासूला सांगितलं. ती म्हनली, डाक्टरीनीला सवताला किती पोरं हायत ते इचारलंस का?"

मी हसले आणि मग मला इतका संताप आला की फुटलेलं अंडं उचलून मी भिंतीवर मारलं. कुणावर मारायला हवं होतं? कारखान्यावर मारावं तर तो तिथं दूर, भिंतीआड. पिंप धुणारे आमचेच, विकणारे आमचेच, पिणारे आमचेच. आपल्या हातानं आपल्या पोरांच्या तोंडाला लावतो आणि वर म्हणतो, बघा कसं मजबूत आहे, पाझरत नाही.

एकविसाव्या दिवशी सकाळीच अंगण भरलं. पुरुषही आले होते, समोरच्या मशिदीच्या भिंतीला टेकून, आपल्याला काही देणंघेणं नसल्यासारखे. रतीबानं स्वतः खणाचं तोंड उघडलं.

आतून जो आवाज आला तो मी तीन वर्षांत ऐकला नव्हता. शेकडो चोचींची चिवचिव. तफीदा पाट्या बाहेर सरकवत होती आणि मी टरफलं बाजूला काढत होते. काळी रेघ. काळी रेघ. काळी रेघ. पिवळी, करडी, पायावर ताठ उभी राहणारी पिल्लं. दोनशे साठावर मी मोजायचं सोडलं. कोऱ्या तीनशेंतून निघाली एकतीस, आणि त्यातली सहा उभीच राहिली नाहीत. न उबलेली अंडी एका बाजूला ओळीनं मांडली, तशी ती उन्हात एकेक करून फुटायला लागली. फुटली की बायका किंचाळून मागं सरत.

उम्म फतूहनं एक रेघेचं टरफल उचललं, दाताखाली दाबलं, मग कोरं दाबलं आणि थुंकली.

"हात चांगला हाय पोरीचा," ती म्हणाली.

"व्हय," रतीबा म्हणाली. तोंड एवढंसं झालं होतं, पण शपथ शपथ होती. "या वर्सी लगीन न्हाई. तफीदा, ऊठ. भट्टी तुझी."

तफीदानं ओढणीत तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं आता बोलायची हीच वेळ. मी म्हणाले, "बायांनू, अंड्यांचं समजलं. आता मानसांचं काय? कोंबडी दिसभर आवारात टोचती, नाल्याचं पानी पिती, तर तिची ही गत. आपन तर त्याच नाल्यात धुतलेल्या पिंपात पानी भरून, झाकन लावून, मुरवून पितो."

भिंतीला टेकलेले पुरुष एकदम खोकायला लागले. शिहाता त्यांच्यातच होता. त्यानं सदरा छातीपासून पुढं ओढला आणि खाली बघत राहिला.

"मानूस म्हंजी कोंबडी न्हवं, इन्साफ," पिंपवाल्यांचा मुकादम म्हणाला. "कायबी बोलू नगंस. पन्नास घरं जगत्यात ह्येच्यावर."

"जगत्यात का ते बघायलाच तर—"

"बास!" रतीबानं हात वर केला. "अंड्यांचं काय करायचं ते मी सांगते."

आणि तिनं खरंच सांगितलं. असा हुकूम आमच्या गावप्रमुखानंही कधी दिला नसेल. दुसऱ्या दिवसापासून पश्चिमेच्या एकाही कोंबडीनं नाल्यावर जायचं नाही. आवाराच्या बाजूला काटेरी कुंपण. कोंबड्यांना पाणी कालव्याचं, पुलापलीकडचं, आणि ते पिंपात नाही, मातीच्या भांड्यात. जी बाई हे पाळणार नाही तिची अंडी भट्टीत घेतली जाणार नाहीत. बायकांनी छपरावरचे रांजण उतरवले, आतली कोळिष्टकं काढली, घासून घासून लाल केले. पुरुषांनी कुंपण घातलं. माझ्या गाढवीला अंड्यांच्या टोपल्यांऐवजी घागरी बांधल्या, आणि रोज सकाळी मी आणि तफीदा पुलापलीकडून पाणी आणायला लागलो. थंड, मातीचा वास असलेलं पाणी. ते अंगणातल्या रांजणात भरायचं आणि मग थोडं थोडं कोंबड्यांच्या परळात ओतायचं. रांजणावर रतीबा ओलं फडकं टाकायची, ऊन लागू नये म्हणून. कोंबड्यांना उन्हाळा बाधतो.

माणसांचं निळं पिंप घरात दाराआड होतं तिथंच होतं. तफीदा दमून आली की रतीबा सवयीनं त्यातनं लोटी भरून तिच्या हातात द्यायची.

पहिले चार दिवस तिनं ती लोटी घेतली. पाचव्या दिवशी आम्ही घागरी रिकाम्या केल्या, तिनं घाम पुसला, आणि रतीबा लोटी घेऊन दारात आली. तफीदानं लोटी घेतली. आतलं पाणी अंगणात ओतलं. मग रांजणावरचं फडकं उचललं, लोटी बुडवली आणि उभ्या उभ्या गटागटा प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं. तिनं दुसऱ्यांदा बुडवली.

"आगं ए!" रतीबा ओरडली. "कोंबड्यांचं पानी हाय ते! लांबनं आनावं लागतं. मानसांचं हिकडं हाय न्हवं!"

तफीदानं दुसरी लोटी संपवली, मनगटानं तोंड पुसलं. इतक्या वर्षांत सासूच्या डोळ्याला डोळा दिलेली मी तिला पहिल्यांदा बघितली.

"तुला नातू पायजे म्हनतीस न्हवं?" ती म्हणाली. "मग मलाबी कोंबडी समज."

मागे दारात शिहाता येऊन उभा होता. आवारातून आलेला, हात कोपरापर्यंत सोललेले, अंगाला तो गोडसर वास. तफीदानं तिसरी लोटी भरली आणि त्याच्यापुढं धरली. तो आईकडं बघेना, बायकोकडंही बघेना, लोटीकडं बघत राहिला.

"घे की," ती म्हणाली.

रतीबाचं तोंड उघडं होतं, काहीतरी बोलायला उघडलेलं. मग म्हणाली, "फडकं नीट टाका परत. ऊन लागतंय त्येला."

शिहातानं लोटी घेतली.